कर्ता ओळखा

"छत्र्यांची ती गोष्ट नसती, तर मी पंचवीस टक्के म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "आता बिनधास्त साठ म्हणते."

मी तेव्हा पाण्याचा पेला बाईंच्या टेबलावर ठेवत होतो. तो ठेवायचा तिथे बसला नाही. काठावर टेकला, कलला आणि पाणी बाईंच्या कागदांकडे निघालं. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारा माणूस मी, माझा हात सहसा चुकत नाही. शेजारी बसलेल्या लेकीने, धाकटीने, चटकन रुमाल टाकून पाणी अडवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. बाई प्रवेशाचं मार्गदर्शन करतात. कुठल्या मुलाला कुठे जागा मिळण्याची किती शक्यता, हे त्या टक्क्यांत सांगतात, म्हणून आमच्या घरी त्यांना टक्केवाली म्हणतात. हे नाव हिने ठेवलं, म्हणजे माझ्या बायकोने. धाकटीला शाळा संपल्या संपल्या थेट बिझनेसची पदवी देणाऱ्या एका कॉलेजात जायचंय. तिथे शंभर अर्ज आले तर पाच-सहा जणांना घेतात. नेहमीच्या मुदतीच्या बऱ्याच आधी एक पहिली फेरी असते, तिच्यात अर्ज करणाऱ्यांना जरा जास्त संधी असते, पण मग त्यांनी 'या' म्हटलं की इकडेतिकडे बघायचं नाही, गुमान जायचं. धाकटीने पहिल्या फेरीतच अर्ज केला होता. मुलाखत तेवढी उरली होती. "अनामत म्हणून काय घ्यायचं, तर डब्याचं झाकण!" बाई खुशीत येऊन सांगत होत्या. "छत्री ढापून माणूस पळून जाईल, पण झाकण सोडून घरी कसा जाईल? शाळकरी वयात एवढं डोकं! मुलाखतीत हेच सांगायचं, आणि असंच सांगायचं. दुसरं काही नको." धाकटी मान हलवत होती. मी ओला रुमाल पिळायला खिडकीशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो. काय बोलणार होतो? बोलायचं तर एक शब्द तोंडातून काढावा लागला असता, आणि तो शब्द आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी काढलेला नाही.

छत्र्या दादाच्या होत्या. दादा म्हणजे आमचा थोरला. त्याचं खरं नाव धाकटी जन्मली त्या दिवशीच मागे पडलं. ही म्हणाली, बघ रे, तू आता दादा झालास, आणि तेव्हापासून आम्ही दोघंही त्याला दादाच म्हणायला लागलो, शेजारीपाजारी, दुकानातलं गिऱ्हाईक, सगळेच. सात वर्षांच्या पोराला मोठमोठी माणसं दादा म्हणून हाक मारायची आणि तो पण 'बोला' म्हणायचा. त्यामुळे झालं काय, तो गेला तेव्हा त्याच्याबद्दल बोलायला आमच्यापाशी एवढा एकच शब्द होता, आणि तो तोंडातून निघेना. हिने एकदा निम्मा उच्चारला होता. 'दा' म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. धाकटी दारातून बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण तिने तो शब्द त्या दिवसापासून टाकला. आठ वर्षांच्या मुलीला न सांगता एवढं कळतं, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता भीती वाटते.

चष्म्याच्या दुकानात लोक छत्र्या विसरतात. येताना छत्री दारापाशी बादलीत ठेवतात, जुना चष्मा काढून माझ्या हातात देतात, मग नवा घालून आरशात स्वतःकडे बघत बसतात, आणि त्या नादात पाऊस थांबलेला असला की तसेच निघून जातात. बादली भरायची. कुणी परत यायचं, बहुतेक यायचे नाहीत. दादाने त्या बादलीकडे किती दिवस बघितलं कुणास ठाऊक, एक दिवस म्हणाला, बाबा, ह्या मला द्या. चष्म्याचे बारीक स्क्रू आणि माझी पक्कड घेऊन त्याने मोडक्या काड्या जोडल्या. समोर बसथांबा होता. संध्याकाळी पाऊस आला की कामावरून सुटलेली माणसं तिथे आडोशाला उभी असायची आणि हा छत्र्या घेऊन जायचा. उद्या आणून द्या, भाडं तेव्हा द्या, आत्ता फक्त डब्याचं झाकण द्या. माणसं हसायची. हसत हसत झाकण द्यायची. झाकणं दुकानात काउंटरखाली रांगेने लागायची आणि तिथे धाकटी मांडी घालून बसायची. काउंटरमागे तिचं घर होतं आणि झाकणं ही त्या घरातली माणसं. मी चष्म्याच्या काचा घासत असायचो आणि पायाशी तिची अखंड बडबड चाललेली असायची. तेव्हा ती सगळं दादासारखं बोलायची. मी आलो, मी जेवलो, मी पडलो. थोरल्या भावामागे फिरणाऱ्या मुली बोलतात तसं. ही प्राथमिक शाळेत भाषा शिकवते, तिचा जीव कासावीस व्हायचा. "आलो नाही गं, आले म्हण." धाकटी म्हणायची, "बरं, आले," आणि पुढच्या वाक्याला, "मी दमलो."

एके संध्याकाळी छत्र्या संपल्या आणि एक म्हातारे गृहस्थ राहिले. दादाने त्यांना स्वतःची छत्री दिली, झाकण घेतलं आणि तो भिजत दुकानात आला. खूष होता. ओले केस झटकून त्याने माझ्या तपासायच्या काचांवर पाणी उडवलं म्हणून मी ओरडलोही. त्या आठवड्यात ताप चढला, तो उतरलाच नाही. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, भिजण्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, हा मेंदूचा ताप, कोरड्या घरात बसलेल्यालाही होतो. मला पटलं. हिने मान हलवली, पण पटलं नाही, आणि अजूनही पटलेलं नाही, हे मला पाऊस लागला की दिसतं. ती उठून खिडक्या लावते. सगळ्या, आतल्या खोलीतलीसुद्धा, जिथे पाऊस येतच नाही.

आणि मग छत्र्या परत यायला लागल्या. त्याचा मी विचारच केला नव्हता. दुकान उघडलं त्या दिवसापासून माणसं छत्री घेऊन दारात उभी राहायची. चांगली माणसं, घडी नीट घालून, बंद लावून आणलेली छत्री. "तो मुलगा नाही का? आमचं झाकण." मी खाली वाकायचो, झाकण द्यायचो, भाडं घ्यायचो, कारण नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. नाही म्हणायला कारण होतं, सांगायला तोंड नव्हतं. "हुशार आहे हो पोरगा," माणसं म्हणायची. मी म्हणायचो, "हो ना." असं दिवसचे दिवस चाललं. एक सोडून सगळी झाकणं गेली. ते म्हातारे गृहस्थ आलेच नाहीत. त्यांचं झाकण मी घरी आणलं, का आणलं सांगता येणार नाही, आणि हिने काही न विचारता फडताळात ठेवलं. आमच्या कुठल्याच भांड्यावर ते बसत नाही. घासलं मात्र नेमाने जातं.

पुढे छत्र्यांची गोष्ट आमच्या घरात अधूनमधून निघायची. अगदीच टाळता येत नाही ना. फक्त ती निघायची अशी, की छत्र्या जोडल्या होत्या, भाड्याने दिल्या होत्या, झाकणं ठेवून घेतली होती. कुणी, ते नाही. आपल्या भाषेत ही एक मोठीच सोय आहे. क्रियापद छत्रीमागे जातं, झाकणामागे जातं, करणाऱ्याकडे बघतच नाही. करणारा मुलगा असो, मुलगी असो, असो की नसो, छत्र्या आपल्या दिल्या जातात. ही शाळेत फळ्यावर वाक्य लिहून 'कर्ता ओळखा' म्हणते, आणि घरी आम्ही तिघं इतकी वर्षं कर्ता गाळून बोलतोय, आणि व्याकरणात एक चूक नाही.

बाईंकडून निघाल्यावर आम्ही दोघं चालत दुकानाकडे आलो. धाकटी माझ्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे चालते, पूर्वीपासून. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी खोटं नाही बोलले. अर्ज भरताना मला विचारलं, व्यवसायासारखं कधी काही केलंय का? मी म्हटलं, आमच्या दुकानात छत्र्या भाड्याने दिल्या होत्या. अनामत म्हणून झाकणं घेतली होती. बाईंनी लिहून घेतलं."

"कुणी दिल्या, ते नाही विचारलं?"

"नाही."

"आणि तू नाही सांगितलंस."

दिवा हिरवा झाला तरी ती हलली नाही. "मला कधीकधी खरंच आठवतं बाबा, मीच दिल्या असं. थांब्यावर उभी आहे, हातात छत्र्या आहेत, माणसं खाली वाकून झाकणं देतायत. पण मी तेवढी उंच कुठे होते? माणसं वाकायची ती झाकण परत न्यायला, काउंटरपाशी. हे सगळं एकात एक मिसळलंय. आता वेगळं काढायचं म्हणजे—" वळणाऱ्या एका रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही रस्ता ओलांडला.

बाप म्हणून मी तिला तिथेच चार शब्द सुनावायला हवे होते. नाही सुनावले. उलट त्या रात्रीच्या जेवणानंतर मीच म्हटलं, चल, मुलाखतीची तयारी करू, मी साहेब होतो. खोटी मुलाखत घ्यायची, टेबलाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला ती. अवघड प्रश्न विचारायचे. मी दोन-तीन प्रश्न इकडचेतिकडचे विचारायचो आणि मग गाडी छत्र्यांवर आणायचो. ती सांगायला लागायची. काड्या कशा जोडल्या, थांब्यावर कुठे उभं राहायचं म्हणजे माणसांना पळता येत नाही, कुणाला छत्री द्यायची नाही. कधीकधी असं काही सांगायची जे मलाही ठाऊक नव्हतं. जांभळी छत्री कुणाला द्यायची नसायची कारण ती हट्टी होती, मध्येच उलटायची. ह्या हट्टी छत्रीबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. मी साहेबाचा आवाज काढून म्हणायचो, "अधिक सविस्तर सांगा." दुसऱ्या दिवशी परत तेच. "बाबा, हे झालंय की काल." "झालं असू दे, तिथे अडखळलीस." ती अडखळली नव्हती. माझ्याकडे काही लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, नोकरीसाठी नजर चांगली दाखवायची असते म्हणून. ते ओळखायला सोपे असतात, कारण खरं वाचणारा शेवटच्या ओळीला डोळे बारीक करतो आणि पाठ केलेला धडाधड म्हणून मोकळा होतो. धाकटी धडाधड म्हणत होती. मला ते दिसत होतं आणि तरी मी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होतो. पोरगा घरात आल्यासारखं वाटायचं. ती बोलायची आणि टेबलाच्या त्या बाजूला कुणीतरी ओले केस झटकायचं. मी तर साठ टक्केही विसरलो होतो. मनात यायचं, ह्यात वाईट ते काय, भावाचं बहिणीला गेलं, बाहेर कुठे गेलं? आणि लगेच यायचं की तिथे तिला घेतलं तर ह्या गोष्टीवर तिचं नाव कायमचं पडेल, आणि ती निघून जाईल, आणि इथे आम्ही दोघं, आणि ते झाकण.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ही भाजी निवडत आमच्या शेजारीच बसली होती. एरवी छत्र्या निघाल्या की ती उठून जायची, त्या दिवशी का बसली ठाऊक नाही. मी साहेब होऊन विचारलं, "ह्यात तोटा कधी झाला का?" हा प्रश्न नवा होता. धाकटीच्या तोंडाची गती मात्र थांबली नाही. "एकदा छत्र्या संपल्या," ती म्हणाली, "एक आजोबा राहिले होते. मग शेवटची होती ती त्यांना दिली, आणि मी भिजलो."

भिजलो.

हिच्या हातातली जुडी तशीच राहिली. धाकटीने तोंडावर हात नेला. तिथे क्रियापदाला लपायला छत्री नव्हती, झाकण नव्हतं. भिजणारा स्वतः भिजतो, त्याला दुसऱ्या कशामागे उभं राहता येत नाही. आणि आवाज तिचाच होता, पण शब्द टाकायची ती दादाची लकब, शेवटचा 'लो' किंचित ओढायची, ती मी काउंटरमागून इतक्या वेळा ऐकली होती की मी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मला आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकदम होण्याची मला लाज वाटत होती.

"आई, चुकून आलं," धाकटी म्हणाली.

ही भाजीकडे बघतच म्हणाली, "चौथीतल्या पोरांचंही मी असं वाक्य चालवून घेत नाही. सांगायचं तर नीट सांग. नाहीतर सांगू नकोस."

"नीट सांगितलं तर साठाचे पंचवीस होतील."

"होऊ देत."

"तुला चालेल? उद्या मला नाही घेतलं तर?"

"मला काय चालतं ते मला कधी कुणी विचारलंय?" ही म्हणाली आणि जुडी घेऊन आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं ते वाक्य असं कोणामुळे बोललं जात होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, मी गिळलं. माझ्यामुळेही तितकंच.

मुलाखत दुपारी होती, घरूनच, कॉम्प्युटरवर. धाकटीने आतल्या खोलीत टेबल भिंतीकडून खिडकीकडे फिरवलं, म्हणजे उजेड तोंडावर येतो म्हणे. ते टेबलही दादाचं. आमच्या घरात त्याचं नाही असं काही शोधायचं म्हणजे नवीनच आणावं लागेल. दार लोटून घेतलं, पण ते पूर्ण बसत नाही. मी दुकान बंद ठेवलं होतं. आम्ही दोघं बोळात, चपलांच्या कपाटापाशी उभे. बसलो असतो तर खुर्ची वाजली असती. पलीकडून एका बाईंचा आवाज येत होता, सौम्य, घाई नसलेला. इकडचंतिकडचं विचारून झालं. गणित का आवडतं, वर्तमानपत्रात काय वाचता. धाकटी छान बोलत होती, मला वाटलं ह्यावरच भागेल. मग त्या बाई म्हणाल्या, "तुमच्या अर्जात एक फार मजेशीर गोष्ट आहे. छत्र्यांची."

"हो," धाकटी म्हणाली. "छत्र्या भाड्याने दिल्या होत्या."

पुढे शांतता. मला वाटलं यंत्र बंद पडलं. हिने माझ्या मनगटावर हात ठेवला, तिची बोटं गार होती. आता ती पुढचं म्हणेल, झाकणं घेतली होती, काड्या जोडल्या होत्या, सगळं सुरळीत होईल, बाई खूष होतील. मी मनातल्या मनात तिला पुढचा शब्द सांगत होतो, आणि कुठला सांगत होतो ते मलाच कळत नव्हतं.

"दादाने," धाकटी म्हणाली. "माझ्या दादाने दिल्या होत्या. अर्जात ते नीट आलेलं नाही. चूक माझी आहे. मी आठ वर्षांची होते."

माझ्या मनगटावरची बोटं आवळली.

"अच्छा," पलीकडून आवाज आला. सौम्यपणा तसाच होता, पण त्यात आता कागद उलटल्याची सळसळ होती. "मग ह्यात तुम्ही काय करत होता?"

"मी झाकणं सांभाळायचे." आता ती धडाधड बोलत नव्हती. प्रत्येक शब्दाला थांबत होती, शेवटच्या ओळीशी डोळे बारीक करून वाचणाऱ्या माणसासारखी. "दादा छत्री कुणाला दिली ते विसरायचा. मी विसरायचे नाही. कुणाच्या झाकणाला पोचा आहे, कुणाच्या झाकणाला वास कसला येतो, त्यावरून मी माणूस ओळखायचे. माणूस आला की मी झाकण वर धरायचे. चुकलं कधीच नाही."

"सगळी परत गेली?"

"एक राहिलं. आमच्या घरी आहे. ज्यांचं आहे त्यांच्याकडे दादाची स्वतःची छत्री आहे. त्या दिवशी तो भिजला. नंतर तो वारला. भिजल्यामुळे नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आईला अजून ते खरं वाटत नाही."

माझ्या मनगटावरचा हात निघाला. ही स्वयंपाकघराकडे गेली, पाय न वाजवता. मी तिथेच उभा राहिलो. आत पुढे आणखी काही प्रश्न झाले, आभार झाले, खुर्ची सरकली, पण दार उघडलं नाही. थोड्या वेळाने टक्केवालीचा फोन माझ्या खिशात वाजला. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, बहुतेक धाकटीनेच आतून कळवलं असेल. "अहो, असं कुणी करतं का?" त्या चिडल्या होत्या आणि त्यांचंही बरोबर होतं. "भरलेल्या अर्जातलं स्वतःहून खोडायचं? आता माझ्याकडून पंधरा धरा. तेसुद्धा मी मनाने उदार आहे म्हणून." मी म्हटलं, बरं. पंधरा. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला रडू येतंय, आणि ते पंधरासाठीही होतं. पोरीने दोन वर्षं जीव तोडून मेहनत केली होती. मला ती तिथे हवी होती. मला ती इथे हवी होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. दूध तापून खाली उतरवलेलं होतं आणि ही त्याच्यापुढे उभी होती, पातेल्यावर काही न झाकता. बाहेर आभाळ भरून आलं होतं. खिडकी उघडीच होती. मला वाटलं आता ती लावेल. तिने लावली नाही. तिने घसा साफ केला, वर्गात हजेरी घ्यायच्या आधी करते तसा, आणि मोठ्याने हाक मारली. "अगं, ऐकलंस का? दादाचं झाकण आण गं फडताळातलं. दूध झाकायचंय."

आतलं दार उघडल्याचा आवाज आला. मग बोळातून पावलं आली, पळत, लहान पोरांची येतात तशी.

"आलो!"

मी हिच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, सवयीने. मग मिटले. तिने दुरुस्त केलं नाही.